गजांतून जाणारी पुस्तकं

आयुष्यात माझ्या हातून एकच चांगलं काम झालं, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत मानत होतो. ते काम म्हणजे तळोद्यातल्या आमच्या वाचनालयाची गल्लीकडची खिडकी.

मी तिथे एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. समोरच्या दालनात पुरुष पेपर वाचत बसायचे. बायकांनी आत येऊ नये असा काही नियम नव्हता, पण त्या येत नसत. गल्लीच्या बाजूने खिडकीपाशी येऊन उभ्या राहत आणि मी आतून पुस्तक देई. खिडकीला उभे गज होते. दोन गजांमध्ये जेमतेम दोन बोटं जागा. त्यातून जाड पुस्तक जायचं नाही, म्हणून बारीक पुस्तकांची एक फळी मी खिडकीजवळच लावून ठेवली होती: घरगुती कादंबऱ्या, संतचरित्रं, व्रतकथा, पाककृती. कोण बाई कधी येते हे मला पाठ झालं होतं. ती यायच्या आत तिचं पुस्तक कागदाचं कव्हर घालून तयार असे. गल्लीतून जाताना कुणी नाव वाचून टोकू नये, हा कव्हरामागचा विचार. मी मान खाली घालून पुस्तक द्यायचो, तीही मान खाली घालून घ्यायची. बोलणं नाही. बायकांशी बोलायला मला पहिल्यापासून जड जातं.

निवृत्तीच्या समारंभात हेमराजभाई म्हणाले होते, "भटूभाऊनी गावन्या बायास्ले वाचाले शिकाडं." हेमराजभाई आमचे अध्यक्ष. केळीचे मोठे बागायतदार, पण वाचनालयाच्या बैठकीला एकदाही न चुकलेले. त्यांचं ते वाक्य मी बारा वर्षं जपून ठेवलं होतं. काही लिहायला बसलो आणि लिहिलेलं खोडावंसं वाटलं, म्हणजे नेहमीच, तर ते वाक्य आठवायचं.

आता ज्या कारणाने हे सगळं उकरलं गेलं ते सांगतो.

दिल्लीतल्या एका समितीने लोकांची मतं मागवली होती. प्रश्न पेपरात आला होता: संगणक आणि मोबाइलची प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलाच ब्राउझर आधीपासून बसवून द्यावा का, की त्याला मनाई करावी? ब्राउझर म्हणजे इंटरनेटवर जायचं साधन, एवढं मला वाचनालयातल्या संगणकामुळे कळलं आहे. सध्या ग्रंथपाल असलेल्या अस्माने मला त्यावर एक वेगळा ब्राउझर घालून दिला होता. जुनी मासिकं कुठे सापडतात त्या जागा त्यात मी एकेक करून जमवल्या होत्या. पण दर काही महिन्यांनी संगणक स्वतःला ताजं करून घेतो आणि मग कुठलीही जागा उघडायला गेलं की त्याचा स्वतःचाच ब्राउझर पुढे येतो. चार वेळा अस्माने बदलून दिलं. चार वेळा ते परत आलं. पाचव्या वेळी मी हेमराजभाईंसमोर टेबलावर हात आपटला. असं मी कधी करत नाही. माझं मलाच दचकायला झालं.

"एवढा राग?" हेमराजभाई हसले. "मंग लिहा ना त्या समितीले. वाचनालयना नावनी लिहा. शुक्रवार शेवटला दिन शे."

मी लिहिलं. दोन पानं. मनाई करावी, असं. न मागता हातात ठेवलेली वस्तू ही भेट नसते, माणसाची निवड आधीच कुणीतरी करून टाकलेली असते, असं काहीबाही. मंगळवारी सकाळी ते हेमराजभाई आणि अस्माला वाचून दाखवलं.

"भटूभाऊ," हेमराजभाई म्हणाले, "मी ट्रॅक्टर लिधं त टायर संगेच उनात. कंपनीले मी कोर्टात वढू का?"

"टायर झिजल्यावर आपण दुसरे घालतो," मी म्हणालो. "सकाळी उठून पाहिलं तर जुने टायर परत लागलेले नसतात."

"हाई बाकी खरं."

"पण आबा, मनाईच केली तर?" अस्मा म्हणाली. मला ती आबा म्हणते. "नवीन फोनमध्ये ब्राउझरच नाही आला, तर दुसरा ब्राउझर आणायचा कशातून? मला जमेल. माझ्या नानीला? ती बसेल कोरा फोन हातात घेऊन."

मी कागदाची घडी घालू लागलो.

"नाही हो, छान लिहिलंय," ती घाईने म्हणाली. मी लगेच मिटतो हे तिला माहीत आहे. "फक्त इथलं एखादं उदाहरण घाला. म्हणजे तुमची ती खिडकी. निवड देणं कशाला म्हणतात, ते त्यांना कळेल. नानीलाच विचारा ना. तिनेच सगळ्यात जास्त पुस्तकं नेली असतील."

अस्माची नानी म्हणजे हलीमाभाभी. वाहिदभाईंची बायको. वाहिदभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली. हलीमाभाभी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. दर गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, त्या खिडकीशी यायच्या. एकवीस वर्षांत चुकलेले गुरुवार हाताच्या बोटांवर मोजता येतील. माझी सगळ्यात चांगली वाचक कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी त्यांचंच नाव सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

मला खरंच आनंद झाला. त्याच दुपारी मी कागद आणि पेन घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या तोंडून दोन चांगले शब्द मिळतील आणि ते थेट दिल्लीला जातील, असं माझ्या मनात होतं. लपवण्यात अर्थ नाही.

"आज वाट चुकनात का काय, भटूभाऊ?" दार उघडताच त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज नीट ऐकलाच नव्हता. मोठा आणि मोकळा आवाज आहे. "या, बसा. चहा ठेवस."

घरात एका कोपऱ्यात बाज होती आणि भिंतीला लागून एक बुटकं टेबल. टेबलावर तेलाचे डाग, स्क्रू पिळायचा छोटा पेचकस, सुटे केलेले दोन-चार भाग. वाहिदभाईंची आठवण म्हणून ठेवलं असेल, असं मला वाटलं.

मी सगळं सांगितलं. समिती, ब्राउझर, माझी दोन पानं. शेवटी विचारलं, "तुम्ही इतकी पुस्तकं वाचलीत. त्यातलं कुठलं आवडलं, एवढं सांगा. तेवढंच लिहीन."

चहा उतू जायच्या बेतात होता, त्यांनी गॅस बारीक केला.

"खरं सांगू? राग मानू नका."

"नाही नाही."

"मी तुमनं एक बी पुस्तक पुरं वाचेल नही."

मला वाटलं, थट्टा आहे. हसायचं की नाही ते ठरेना. मी म्हणालो, "एकवीस वर्षं?"

"एकवीस वरीस."

"मग तुम्ही येत कशाला होतात?"

"कव्हर वाचाले," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्या उठल्या, कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आत कागद होते. चकचकीत, जाड, कडांना घड्यांच्या खुणा असलेले. प्रत्येकाच्या मध्यभागी, जिथे पुस्तकाचा कणा यायचा, तिथे माझ्या अक्षरात पेन्सिलीने नाव होतं. हलीमा. हलीमा. हलीमा.

ते कागद माझेच. कुठून फाडले तेही मला आठवलं आणि माझे कान तापले. वाचनालयात एक विज्ञान मासिक यायचं. ते कुणी नेत नसे. अंक तसेच पडून राहत. कागद मात्र उत्तम, कव्हरांसाठी याहून चांगला मिळाला नसता. मी एकेक अंक सोडवून त्याची पानं फाडायचो. बायकांच्या पुस्तकांना तीच कव्हरं.

"पुस्तक परत करताना कव्हर मी काढी लेऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी इचारं नही. तुमले वाटनं व्हई, फाटनं."

खरंच मला तसंच वाटायचं. बायका कव्हरं फार फाडतात, असं मी एकदा हेमराजभाईंकडे म्हणालोही होतो.

त्यांनी डब्यातून एक पान नेमकं काढलं. त्यावर विजेच्या मोटरची आकृती होती, आतला फिरणारा भाग दाखवणारी. पान खालपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्य असं होतं: 'आता प्रश्न असा की, अर्धा फेरा झाल्यावर हा भाग मागे का वळत नाही, पुढेच का फिरत राहतो? याचं कारण'. आणि त्याखाली कंसात: पुढे पान ४२ वर.

"बेचाळीस नंबरना पाननी मी आठ वरीस वाट देखी," त्या म्हणाल्या. "दर बेस्तवारले वाटे, आज येई. एकदा चाळीस उनं. एकदा त्रेचाळीस. बेचाळीस काही उनं नही."

"पण तुम्हाला मोटरचं..." मी टेबलाकडे पाहिलं. पेचकस. सुटे भाग. तांब्याची तार. तार नवीन होती.

"दुकानमा ते बसेत. मोटर मी खोलू, आठे, घरमा." त्यांनी सहज सांगितलं, भाजी मी चिरायची असं सांगावं तसं. "त्यास्ना हातले नाजूक काम जमे नही. मशीनवर मोटर लावानी टूम निंघनी तवयपासून. गावले कशाले सांगो? ... तुमना टेबलफॅन मी तीनदा खोलेल शे, भटूभाऊ. भलती धूळ भरेल व्हती."

वीस उन्हाळे मी त्या पंख्यासमोर बसून या बाईसाठी पुस्तकं निवडली होती. सोशिक सुनेच्या कथा. उपवासाचे पदार्थ. आणि त्यांनी रोजे धरून माझ्या व्रतकथा घरी नेल्या होत्या, त्याही कव्हरासाठी. व्रतकथा मी त्यांना कशा दिल्या, याचा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता. त्या फळीवर होत्या, पुढचं पुस्तक ते होतं, म्हणून दिल्या.

"तुम्ही सांगायचं तरी," मी म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला होता. मला त्याची लाज वाटली.

"सांगं व्हतं."

"कधी?"

"चिठ्ठी ठेयेल व्हती पुस्तकमा. 'यंत्राविषयी पुस्तक असेल तर द्यावे.' शाळामा शिकेल मराठीमा, एकदम शुद्ध." त्या हसल्या. "तुम्ही काय दिधं? भरतकामनं."

आठवलं. ती चिठ्ठी मला चक्क आठवली. यंत्र म्हणजे शिलाई मशीन, आणि शिलाई मशीन म्हणजे भरतकाम, असा सरळ हिशेब मी केला होता आणि स्वतःवर खूशही झालो होतो. पुढच्या गुरुवारी पुन्हा फळीवरचं पुढचं पुस्तक.

आमच्याकडे तेव्हा मोटर वाइंडिंगची, म्हणजे मोटरला तार गुंडाळण्याची, तीन पुस्तकं होती. जाड होती. गजांतून गेली नसती. आणि सगळ्या पुस्तकांच्या यादीचं रजिस्टर तर त्याहून जाड. ते मी कधी खिडकीशी नेलं नाही. दार तिथून दहा पावलांवर होतं. एकदा उठून, दार ओलांडून, रजिस्टर गल्लीत घेऊन जावं, हे एकतीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. आज बसून विचार करतो तेव्हा खरंच आश्चर्य वाटतं, नाहीच कसं आलं?

चहा निवला होता. विचारू नये ते मी विचारलं. "मग त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कधी..."

"चार वरीस व्हयनात. अस्मानी माले फोन लई दिधा. त्यामा ते तुमनं काय, बराउजर, आपोआप उनेलच व्हतं. ज्याले तुम्ही बंद करा म्हणतस तेच." त्यांनी पडद्यामागून फोन आणला, माझ्यासमोर धरला. वर एक रिकामी पांढरी ओळ होती. "हाई देखा. हाई वळ रिकामी शे. तिनी माले इचारं, तुले काय पाहिजे? मी लिखं. मोटर मागे का वळत नाही. अन् तिनी सांगं. बेचाळीस पान मिनिटभरमा."

मी मोटरचं ते पान परत डब्यात ठेवलं.

"माले माहीत व्हतं तसंच निंघनं," त्या हळूच म्हणाल्या. "अर्धा फेरा व्हयना का करंट उलटा व्हस. मन्हा मनमा मी तेच धरेल व्हतं, मोटरना ब्रश देखी देखी. पण कोनी सांगाले पाहिजे व्हतं ना, का तुन्हं बरोबर शे म्हणीसन." मग फोन बंद करून त्यांनी तो बाजेवर ठेवला. "तिनी इचारं, भटूभाऊ. तुम्ही एकवीस वरीसमा एकदा बी इचारं नही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आलो आणि अंगणातच बसून राहिलो. एक तर ती दोन पानं, शब्द न् शब्द मलाच लागू पडत होती. न मागता हातात ठेवलेली वस्तू. आधीच कुणीतरी केलेली निवड. त्या कंपन्यांबद्दल लिहिताना मी स्वतःचीच फिर्याद लिहून काढली होती. आणि दुसरं असं की, जिला मनाई करा म्हणून मी टेबल बडवलं, त्या वस्तूने माझं राहिलेलं काम करून टाकलं होतं. मग ती वाईट कशी? पण माझ्या त्या जमवलेल्या जागा चार वेळा बाजूला सारणारी तीच. मग ती चांगली तरी कशी?

बुधवारी सकाळी मी वाचनालयात जाऊन जुनं रजिस्टर काढलं. विज्ञान मासिकाच्या नोंदीपुढे मी लाल शाईने आडवी रेघ मारलेली होती, आणि त्यापुढे शेरा: 'रद्द. वाचक नाही.' खाली माझी सही. सुवाच्य.

ते पान मी अस्मासमोर धरलं. मी तिला सगळं सांगितलं. कव्हरांचा डबा तिने लहानपणापासून पाहिला होता. पण तो आपल्या वाचनालयातून आला, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मग आता काय लिहायचं समितीला?" तिने विचारलं.

"तू सांग."

"मी काय सांगू? खिडकी तुमची."

मी लिहिलं. या खेपेला अर्धंच पान झालं. वस्तू सोबत देण्याला मनाई करू नये. रिकाम्या हातांनी कुणाला पाठवू नये. पण पहिल्याच दिवशी, वस्तू हातात पडताच, सगळ्यांची यादी समोर ठेवायला भाग पाडावं, आणि ती यादी गजांतून जाईल एवढी बारीक असावी. माणसाने एकदा सांगितलं की पुढच्या गुरुवारी परत जुनं पुढे करू नये. देणाऱ्याचा हेतू चांगला आहे की वाईट, ते तपासत बसू नये. माझा चांगला होता.

'गजांतून' आणि 'गुरुवारी' हे शब्द दिल्लीत कुणाला कळणार नाहीत, असं अस्मा म्हणाली. मग तीच म्हणाली, राहू द्या.

हेमराजभाईंनी ते वाचलं. बायकांना वाचायला शिकवलं, हे वाक्य त्यांचंच होतं. ते म्हणाले, "हाई धाडाले लागस का, भटूभाऊ? तुमनं नाव खराब व्हई."

"धाडा," मी म्हणालो. अस्माने तिथेच बटण दाबलं.

गुरुवारी दुपारी मी यादीचं रजिस्टर काखेत घेऊन हलीमाभाभींकडे निघालो होतो. चौकातच त्या समोरून येताना दिसल्या. नमाज आटोपून निघाल्या होत्या. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं.

"हाई काय?"

"यादी. सगळी पुस्तकं आहेत यात. तुम्ही बघा, हवं ते सांगा. मी..." मला पुढचं सुचेना. "काय पाहिजे तुम्हाला?"

हे तीन शब्द उच्चारायला मला इतकी वर्षं लागली, आणि उच्चारले तेही भर चौकात. पानटपरीवरचे दोघे वळून पाहू लागले.

"काय वाचानं ते मी ठरायसू," त्या म्हणाल्या. "दार उघडं शे ना?"

आणि त्या खिडकीच्या गल्लीत न वळता सरळ पुढे गेल्या. पायरी चढल्या. चपला काढल्या. दालनातल्या पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या, कुणीतरी पाय आवरले. अस्मा टेबलाशी उभी राहिली. हलीमाभाभींनी आधी टेबलावर पाहिलं, माझ्या जुन्या टेबलफॅनकडे. तो अजून फिरतो. मग त्या कपाटांकडे वळल्या आणि पहिल्या फळीपासून एकेका पुस्तकाच्या कण्यावर बोट टेकवत निघाल्या. थांबत, वाकून नाव वाचत, पुढे जात.

मोटर वाइंडिंगची पुस्तकं तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहेत. मला ती पाठ आहेत. त्या दुसऱ्या कपाटाशी पोचल्या तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला, इकडे आहेत म्हणून दाखवायला. माझं लक्ष गेलं तेव्हा तो खांद्याच्या उंचीपर्यंत आला होता. मी तो खाली घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

त्या तिसऱ्या कपाटाशी आल्या. त्या फळीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्या कपाटाकडे निघून गेल्या. तिथे काय आहे, ते मला एकदम आठवेना.